केरबा मामाची माती

माग चालू व्हायच्या आधी कारखान्यात एक काम असायचं. दाराशेजारी अंबाबाईचा फोटो होता. काचेवर सुताची पिंजर, मागातून उडणारा बारीक कापूस, बसून बसून देवी धुक्यात उभी असल्यासारखी दिसायची. संयोगिता पदरानं काच पुसायची, दोन उदबत्त्या लावायची, हात जोडायची, आणि मगच कारखाना सांभाळणारे दिवाणजी मागांचा खटका दाबायचे. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं आपणहून केलं, दुसऱ्या दिवशीही केलं, आणि मग ते तिचंच झालं. दिवाणजी म्हणायचे, "संयोगीच्या हाताला गुण हाय. ती उदबत्ती लावती त्या दिवशी सूत कमी तुटतंय."

इचलकरंजीच्या त्या गल्लीत असे कारखाने ओळीनं आहेत. वर पत्रा, खाली माग, आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये एवढा खडखडाट. संयोगिता तिथं कांडीवाली होती. मोठ्या कोनावरचं सूत ती मशीनवर लहान कांडीत भरून द्यायची. ती कांडी धोट्यात बसते, धोटा मागावर इकडून तिकडं पळतो, तेव्हा कुठं कापड उतरतं. कांडी नसेल तर माग उभा राहतो, आणि माग उभा राहिला की विणकराची मजुरी बुडते, कारण त्याला पैसे मिळतात ते उतरलेल्या कापडावर. दोन कांडीवाल्या होत्या, संयोगिता आणि सबिना. दोघींतली एक आली नाही तर निम्मे माग उभे.

म्हणून कांडीवालीला रजा नसायची, बदली असायची. कुठं जायचं असेल तर आपल्या जागी दुसरी बाई आपणच आणून बसवायची. अशी रिकामी बाई त्या गल्लीत मिळायची नाही. जिला कांडी भरता येते ती कुठं ना कुठं भरतच असते. बदली न देता कुणी घरी राहिलं तर दुसऱ्या दिवशी विणकर तोंडानं सोलून काढायचे. "काय वैनी, माहेरपण झालं का? आमच्या पोरांनी काल वारा खाल्ला बगा!"

एकाच कामाला बदली लागायची नाही. मातीला. आमच्याकडं मयताला जाणं म्हणजे मातीला जाणं. मातीला निघालेल्या माणसाला अडवायचं नसतं. वैरी असला तरी बाजूला होऊन वाट देतो. तिथं दिवाणजींचंही काही चालायचं नाही.

संयोगिताला त्या वर्षी दिवस गेले ते तिसऱ्यांदा. पहिलं सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरं आठव्यात. दोन्ही वेळा रक्तदाब वाढला होता, पण ते कळलं ते सगळं होऊन गेल्यावर. दोन्ही वेळा घरात थाट झाला होता. सासूनं, तानाबाईनं, गल्लीभर सांगितलं होतं, चोरओटी भरली होती, दुसऱ्या खेपेला तर हिरवी साडी नेसवून झोपाळ्यावर बसवून फोटो काढले होते. तो झोपाळा काढताना कृष्णातला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, दोरीची गाठ सुटेना. शेवटी त्यानं विळ्यानं कापली.

तिसऱ्या खेपेला तानाबाईनं दार लावून घेतलं आणि सुनेला आणि लेकाला देवासमोर बसवलं. बिरदेवाचा भंडारा, देवाला वाहिलेली हळद, ताटलीत काढला.

"लोकांच्या नजरा वंगाळ," ती म्हणाली. "दोनदा बोललो, दोनदा गेलं. आता पोराचं रडणं कानावर पडंपर्यंत ह्या तिघांबाहेर चौथ्याला कळायचं न्हाय. उचला भंडारा."

"आई, दवाखान्यात तर सांगाय पायजे की," कृष्णात म्हणाला.

"दवाखाना ह्यात धरू नगंस. बाकी कुणाला न्हाय. हिच्या माहेरी न्हाय, कारखान्यात न्हाय."

दोघांनी भंडारा उचलला. आमच्या भागात भंडारा उचलून दिलेला शब्द माणूस मोडत नाही. ज्याच्यासाठी उचलला त्याच्यावरच तो उलटतो असं मानतात. संयोगिता मानत होती.

कारखान्यात न सांगायला तिच्याकडं आणखी एक कारण होतं. मागच्या खेपेला तिनं सांगितलं होतं. दिवाणजी गोड बोलले, "जपा बाई," म्हणाले, आणि आठवड्यात तिच्या मशीनवर दुसरी बाई आणून बसवली. मूल गेलं, कामही गेलं. परत ती जागा मिळायला वर्ष गेलं होतं.

लपवायची सोय झाली. पिंजर अंगावर बसू नये म्हणून कांडीवाल्या साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतातच. तिनं कृष्णातचा सगळ्यात ढगळ शर्ट काढला. प्रश्न राहिला तो दवाखान्याचा.

सरकारी दवाखान्यातल्या मॅडम वयानं लहान होत्या, पण बोलायला खणखणीत. त्यांनी जुने कागद बघितले आणि चष्मा काढून ठेवला.

"ह्या वेळी बाळ हवंय ना घरी न्यायला? मग दर पंधरा दिवसांनी माझ्यासमोर दिसायचं. बीपी, लघवीची तपासणी. बरं वाटतंय म्हणून यायचं टाळायचं नाही. हा आजार बरं वाटत असतानाच वाढतो."

"सकाळचंच यायला लागंल काय, मॅडम?"

"सकाळचंच. कामावर असता का? मालकाला चिठ्ठी देऊ?"

"नगं नगं, मॅडम. चिठ्ठी नगं."

घरी येऊन तिनं सासूला विचारलं, आता दर पंधरवड्याला काय सांगायचं? तानाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मातीला जातो म्हण."

"कुणाच्या?"

"तुझी मुरगूडची आक्का हुती की. तिच्या."

आक्का म्हणजे संयोगिताची मोठी मावशी. संयोगिता शाळेत असतानाच वारलेली.

"आत्ती, पाप लागंल."

"जित्याला मारलं तर पाप. मेलेल्याला काय हुतंय? उलट म्हातारीचं नाव निघंल चार माणसांत."

हाच मग नियम ठरला. गेलेल्यालाच परत घालवायचं.

"आक्का गेली," असं दिवाणजींना सांगताना संयोगिताला खरंच रडू आलं. भीतीनं आलं की आक्काच्या आठवणीनं, तिलाच कळलं नाही. सबिना मशीन बंद करून उठली, तिला जवळ घेतलं. दिवाणजी म्हणाले, "जा बाई, जा. बदलीचं आमी बगतो." गुंडू नावाचा एक तरणा विणकर होता, एरवी सगळ्यात जास्त टोमणे मारणारा, तो म्हणाला, "वैनी, यष्टीत डुलकी लागली तर मुरगूड मागं पडंल, कंडक्टरला सांगून ठेवा."

एका मरणात दोन रजा निघायच्या. मातीला एक, आणि तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला दुसरी. मातीच्या दिवशी तपासणी करायची, रक्षेच्या दिवशी रिपोर्ट आणायचा. आक्का गेली, मग कृष्णातचा एक चुलता गेला, मग आईची एक लांबची आत्या, आणि अशीच आणखी काही. सगळे पूर्वीच गेलेले. सगळ्यांसाठी कारखाना हळहळला.

पण जी गोष्ट तिनं हिशोबात धरली नव्हती ती पहिल्याच खेपेला झाली. आक्काच्या मातीहून, म्हणजे दवाखान्यातून, आल्यावर दुसऱ्या दिवशी ती सवयीनं उदबत्ती लावायला गेली, तर दिवाणजी ओरडले, "ए बाई, हे काय करतीस? मातीला जाऊन आलीस आणि देवीला हात लावतीस?"

"आंघोळ केलीया की, दिवाणजी."

"ते मला सांगू नगंस. दहा दिवस फोटोकडं जायचं न्हाय. ए पोरांनो, कुणीतरी लावा रे उदबत्ती."

दहा दिवस संपतायत तोवर पुढचं कुणीतरी वारायचं. असं करत त्या चार महिन्यांत ती देवीच्या फोटोपाशी फारशी गेलीच नाही. पोटात जीव असताना, जेव्हा हात जोडायची सगळ्यात गरज होती, तेव्हाच ती मशीनवरनं लांबून बघायची. काच कुणी पुसत नव्हतं. धुकं दाटत चाललं होतं.

सबिनाला काही चुकवता येत नव्हतं. तिनं चार बाळंतपणं काढलेली. एके दिवशी डबा खाताना ती हळूच म्हणाली, "संयोगे, तुझ्या घरात माणसं लै मरायल्यात. आणि तू कैरी लै खायलीस."

संयोगिताचा घास तोंडातच राहिला.

"मी काय इचारत न्हाय," सबिना म्हणाली. "खा. अल्ला खैर करू दे." आणि तिनं स्वतःच्या डब्यातलं अंडं तिच्या डब्यात सरकवलं.

सातवा लागला तसे पाय सुजले. चप्पल चढेना, म्हणून ती कृष्णातच्या चपला घालून कामाला जायला लागली. कपाळ सारखं ठणकायचं. आणि नेमके तेव्हाच मेलेले नातेवाईक संपले.

"मलाच मार की," तानाबाई म्हणाली.

"तुमाला मारलं तर अख्खा कारखाना दारात येईल, आत्ती. तुमी काय खाटंवर तोंड झाकून पडणार हाय?"

दोघी हसल्या. तानाबाई तर डोळे पुसण्याइतकं हसली. मग हसणं थांबलं, आणि संयोगिता म्हणाली, "केरबा मामा."

केरबा तिचा सख्खा मामा. मुरगूडला एकटाच राहायचा, सत्तरीचा, दोन म्हशी पाळायचा. धडधाकट होता.

"जिता हाय की त्यो," तानाबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "म्हणा, जित्या माणसाला मेला म्हटलं की त्याचं आयुष्य वाढतंय म्हणत्यात."

तर केरबा मामा गेला. संयोगिता दवाखान्यात गेली. मॅडमनी दोनदा पट्टा बांधून बीपी बघितलं आणि त्यांचा आवाज बारीक झाला. गोळ्या वाढवल्या. "सोमवारी मला परत दिसायला हवं. उतरलं नसेल तर मी तुम्हाला त्याच पावली कोल्हापूरला पाठवणार, तिथं भरती व्हायचं. घरी एक बॅग भरून ठेवा. डोकं जास्त दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर सोमवारची पण वाट बघायची नाही. कळलं?"

"व्हय, मॅडम."

गुंडूचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याची सासुरवाडी मुरगूड आहे, हे संयोगिताच्या ध्यानातही नव्हतं. एक दिवस बदली देऊन तो सासुरवाडीला गेला. वाईट मनाचा नव्हता तो. वैनीचा मामा इथलाच, चार दिवसांमागं वारलाय, आलोच आहे तर भेटून जावं, म्हणून विचारत विचारत तो केरबाच्या घरी गेला. दारात बसायचं, दोन शब्द बोलायचे, चहा न घेता उठायचं, एवढीच रीत. तर दारात केरबा स्वतः म्हशीला पाणी दाखवत होता.

"कोण पावणं?" केरबानं विचारलं.

"केरबा तात्यांच्या घरी भेटायला आलोय," गुंडू म्हणाला. "त्यांचं मयत झालंय न्हवं?"

"मलाच म्हाईत न्हाय बगा," केरबा म्हणाला. "या, बसा, चा घेऊ. मग कुणी मारलं ते सांगा."

शनिवारी सकाळी ही गोष्ट गुंडूनं कारखान्यात सगळ्यांना सांगितली. खटका अजून दाबला नव्हता, त्यामुळं शब्दन्‌शब्द ऐकू गेला. आधी हशा पिकला. मग एकेकाला आपापले उभे राहिलेले माग आठवायला लागले.

"म्हंजे आक्का पण जिती?"

"आणि चुलता? म्हणूनच कृष्णातनं डोकं भादरलं न्हाई व्हय!"

"आमी हितं तोंडात माती घालून घेतली तिच्या मातीपायी!"

दिवाणजी हसले नाहीत. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "संयोगे, मी तुला कधी आडवलं न्हाय. आता खरं सांग. कुठं जातीस?"

सगळे बघत होते. ढगळ शर्टाच्या आत बाळ फिरलं, तिला ते स्पष्ट कळलं. एक शब्द बोलायचा होता. पण डोळ्यांसमोर ताटलीतला भंडारा आला. पोराचं रडणं कानावर पडंपर्यंत. एवढं दिवस निभावलं आणि आता ह्या सगळ्या तोंडांसमोर, ह्या सगळ्या नजरांसमोर बोलायचं?

"चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली.

"चुकलं तर चुकलं. आता ऐक. इथनं पुढं कुणीबी मरू दे, बदली दिल्याबिगर एक दिवस न्हाय. सोमवारपास्नं बगतो मी. घरी ऱ्हायलीस तर परत हिकडं यायचं न्हाय."

सबिना मधे पडली. "दिवाणजी, येखाद्या दिवशी दोन्ही मशीनी मी बगतो की."

"तू बगतीस, आणि आमचं माग कोण बगणार?" मागून कुणीतरी ओरडलं. दिवाणजींनी खटका दाबला. मग कुणाचंच काही ऐकू आलं नाही.

रविवारी घरात बोलणं झालं. कृष्णात म्हणाला, "काम जाऊ दे. तू सोमवारी दवाखान्यात चल." त्याचा टेम्पो मंदीमुळं दारातच उभा असायचा, तरी तो म्हणाला. संयोगितालाच वाटलं, सोमवार एक दिवस जाऊन येऊ. दिवाणजींचा राग उतरेल. मंगळवारी सबिनाची नणंद बदली बसायला तयार होती. एका दिवसानं काय होतंय? आणि खरं तर त्या दिवशी तिला जरा बरंच वाटत होतं.

सोमवारी तिनं दिवसभर कांड्या भरल्या. दुपारनंतर तिला सूत दोन दोन दिसायला लागलं. एकाचे दोन धागे, मधे बारीक काजवे. तिला वाटलं, पिंजर गेली असेल डोळ्यांत. तिनं पाणी मारलं आणि परत बसली.

मंगळवारी सकाळी ती दवाखान्याला जायला म्हणून केस विंचरत होती. फणी हातातून पडली. तानाबाई वळून बघते तर सून जमिनीवर, दातखीळ बसलेली, अंग आकडी आल्यासारखं ताठ होऊन हिसके देत होतं. कृष्णातनं टेम्पोत गादी टाकली. गावातल्या दवाखान्यातून तसंच कोल्हापूरला. मॅडम स्वतः गाडीपर्यंत आल्या.

संयोगिता वाचली. तिसऱ्या दिवशी तिला नीट शुद्ध आली तेव्हा तिनं पोटावर हात ठेवला आणि कृष्णातकडं बघितलं.

"पोरगी हुती," तो म्हणाला.

लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. मातीला दोनच माणसं होती, कृष्णात आणि खड्डा काढणारा. गुंडू भेटायला आला नाही, दिवाणजी आले नाहीत. कुणाला सांगितलंच नव्हतं, तर येणार कोण? घरी आल्यावर तानाबाईनं भंडाऱ्याची ताटली देवापुढून उचलली आणि ती घेऊन बराच वेळ नुसती उभी राहिली. कुठं ठेवावी तिला सुचत नव्हतं.

त्याच आठवड्यात दुपारी केरबा मामा दारात आला. हातात शेंगांची पिशवी. गुंडूनं सांगितलेली गोष्ट त्याला कुणाला तरी सांगायची होती, म्हणून भाचीची चेष्टा करायला तो मुद्दाम एवढ्या लांब आलेला.

"कुठं हाय ती मामाला मारणारी?" तो उंबऱ्यातूनच ओरडला. "मारलंस तर मारलंस, तेराव्याला तरी बोलवायचं हुतंस गं! मी आलो असतो जेवायला!"

आत कुणी हसलं नाही. त्यानं तिला बघितलं, पांढरी पडलेली, कानाला फडकं बांधलेली. बाळंतिणीला बांधतात तसं. त्यानं घरभर नजर फिरवली. पाळणा नव्हता. म्हातारा हळूच खाली बसला. पिशवी मांडीवर तशीच.

मग म्हणाला, "मला सांगायचंस की गं. मी खरंच मेल्यागत पडून ऱ्हायलो असतो चार दिवस. येणाऱ्याला म्हशीनं सांगितलं असतं काय?"

तेव्हा संयोगिता पहिल्यांदा रडली.

तिनं विश्रांती घ्यायला हवी होती, पण ती लवकरच कामावर गेली. कृष्णातनं दिवाणजींना एवढंच सांगितलं होतं की तब्येत बिघडलीया. जागा अजून भरली नव्हती. ती आत आली तेव्हा माग बंद होते. गुंडू काहीतरी बोलणार होता, पण थांबला. दिवाणजींचाही राग निवला होता. त्यांनी काडेपेटी तिच्यापुढं धरली.

"घे, लाव उदबत्ती. लै दिवस झालं. आता तुला कुठलं आलंय सुतक?"

तिनं हात पुढं केला नाही. "चालत न्हाय मला," ती म्हणाली.

"आता कोण गेलं, वैनी?" गुंडूच्या तोंडून निघूनच गेलं. दोघेतिघे हसले.

संयोगिताचं दूध अजून थांबलं नव्हतं. कृष्णातचा ढगळ शर्ट छातीवर दोन ठिकाणी ओला झाला होता आणि ओल पसरत चालली होती. तिनं खाली बघितलं, मग हात आडवे धरले. पण सबिनानं बघितलं होतं. दिवाणजींनीही बघितलं. त्यांच्या घरात लेकीसुना होत्या, त्यांना कळलं. काडेपेटी धरलेला त्यांचा हात तसाच राहिला.

"बाई," ते म्हणाले, "एक शब्द बोलायचास. मी काय न्हाय म्हटलं असतं?"

"मागल्या खेपेला बोलली हुती, दिवाणजी," सबिना म्हणाली.

सबिनानं डोक्यावरची ओढणी सारखी केली, दिवाणजींच्या हातातली काडेपेटी घेतली आणि फोटोकडं गेली. तिनं उदबत्ती कधी लावली नव्हती. आधी ओढणीच्या टोकानं काच पुसली, संयोगिता पुसायची तशी, वरून खाली. मग दोन उदबत्त्या लावल्या, आणि एक जास्तीची. कुणी तिला हटकलं नाही.

संयोगिता आपल्या मशीनवर जाऊन बसली. तिनं कोन चढवला, सुताचं टोक शोधलं, कांडी बसवली. खटका पडला आणि माग सुरू झाले.

केरबा मामा अजून आहे. दोन म्हशी आहेत, सकाळी स्वतः धार काढतो. त्याला कुणी विचारलं, तात्या, ह्या वयात एवढं धड कसं, तर भाचीनं मारल्यामुळं आयुष्य वाढलं, अशी गोष्ट त्याला रंगवून सांगता आली असती. तो सांगत नाही. म्हशीच्या अंगावरनं हात फिरवत दुसरीकडं बघतो.